टीएमएस, ईसीटी की आणखी काही? मेंदू-उद्दीपन उपचारांकडे पहिल्यांदाच वळणाऱ्यांसाठी

औषधं बदलून झाली, मात्रा वाढवून झाली, समुपदेशनही चालू आहे, तरी नैराश्य काही केल्या हटत नाही. मग एका भेटीत डॉक्टर सुचवतात, "टीएमएस करून बघू या का?" घरी सांगितलं की कुणीतरी घाबरून विचारतं, "म्हणजे शॉक देणार?" इंटरनेटवर शोधावं तर एकीकडे जाहिराती, दुसरीकडे भयकथा. मी या वाटेने गेले आहे. नैराश्यासाठी टीएमएसचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने मेंदूला उद्दीपन देण्याचा, पूर्ण कोर्स घेतला आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुम्हाला कोणता उपचार लागू पडेल हे तुमच्या मनोविकारतज्ज्ञांनीच ठरवायचं. पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं, सोबत काय न्यायचं आणि कुठे सावध राहायचं, एवढं मी नक्की सांगू शकते.

सुरुवातीलाच एक सांगते. जीव द्यावासा वाटत असेल, खाणंपिणं सुटलं असेल किंवा इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येत असतील, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच तातडीच्या विभागात जा. टीएमएसचा परिणाम दिसायला साधारणपणे आठवडे लागतात. अशा अवस्थेत तेवढा वेळ हातात नसतो.

## १. आधी ठरवा: बोलणं नक्की कोणत्या उपचाराबद्दल चाललंय

'मेंदूला उद्दीपन' या एका नावाखाली एकमेकांशी फारसा संबंध नसलेले उपचार येतात.

टीएमएस, म्हणजे ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन. डोक्यावर एक कॉइल (तारेचं वेटोळं) टेकवतात आणि तिच्यातून क्षणभर जोरदार विजेचा प्रवाह सोडतात. त्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते कवटीतून विनासायास आत जातं आणि खालच्या मेंदूच्या थरात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण करतं. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व हेच. ते माणसाच्या मेंदूवर आजच्या स्वरूपात वापरून दाखवलं शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी, १९८५ मध्ये. भूल नाही, फिट आणायची नाही. तुम्ही जागे असता, खुर्चीत बसलेले असता. नेहमीच्या कॉइलचा प्रभाव कवटीखाली दोनतीन सेंटिमीटरच्या आसपास संपतो.

ईसीटी, म्हणजे इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी. ज्याला लोक शॉक म्हणतात ते. इथे भूल देऊन, स्नायू सैल करणारं औषध देऊन, मेंदूत मुद्दाम नियंत्रित फिट आणली जाते. १९३८ साली रोममध्ये चेर्लेटी आणि बिनी यांनी हा उपचार सुरू केला तेव्हा भूल नव्हती. सिनेमांमुळे डोक्यात बसलेलं चित्र त्या काळचं आहे.

टीडीसीएस, म्हणजे ट्रान्सक्रेनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन. यात ओल्या स्पंजखालच्या इलेक्ट्रोडमधून अगदी क्षीण प्रवाह, साधारण २ मिलिअँपिअर, वीस ते तीस मिनिटं सोडतात. त्याने मेंदूतल्या पेशी थेट उद्दीपित होत नाहीत, त्यांची उद्दीपित होण्याची तयारी थोडी कमीजास्त होते.

डीबीएस, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन, ही शस्त्रक्रिया आहे. मेंदूत खोलवर तारा आणि छातीत कातडीखाली बॅटरी बसवतात. मानसिक आजारांसाठी ती अजून बहुतांशी संशोधनाच्या कक्षेत आहे. गंभीर ओसीडीसाठी (नको असलेले तेच ते विचार आणि त्यापायी पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या कृती) अमेरिकेत २००९ पासून मर्यादित परवानगी आहे.

मानेतल्या व्हेगस नसेला उद्दीपन देण्याचाही एक प्रकार आहे. त्याचा परिणाम फार सावकाश, काही महिन्यांनी दिसतो.

यातला टीएमएस सर्वांत जास्त सुचवला जातो, म्हणून पुढचं बरंचसं त्याबद्दलच आहे.

## २. तुमचं निदान आणि उपचाराचा पुरावा जुळतो का, ते पाहा

टीएमएसला एफडीएची (अमेरिकेतली औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मंजूर करणारी संस्था) मंजुरी नैराश्यासाठी २००८ मध्ये, ओसीडीसाठी २०१८ मध्ये आणि धूम्रपान सोडवण्यासाठी २०२० मध्ये मिळाली. नैराश्यासाठीचा पुरावा यांत सर्वांत भक्कम. ओसीडीमध्ये वेगळी, अधिक खोल जाणारी कॉइल वापरतात, मेंदूची जागाही वेगळी असते आणि सत्राआधी रुग्णाच्या मनातली ती भीती किंवा शंका मुद्दाम थोडी चाळवली जाते. हे ठाऊक नसेल तर पहिल्याच सत्रात माणूस बिथरतो, म्हणून सांगून ठेवते.

सापळा इथेच आहे. ज्या केंद्रात नैराश्य, ऑटिझम, स्मरणशक्ती, एकाग्रता, निद्रानाश या सगळ्यांवर एकच यंत्र आणि तोच कोर्स सांगितला जातो, तिथून उठा. संशोधन पुष्कळ गोष्टींवर चालू आहे हे खरं. पण 'संशोधन चालू आहे' आणि 'उपयोग होतो' यांत मोठं अंतर असतं.

डॉक्टर 'औषधांना दाद न देणारं नैराश्य' म्हणतात तेव्हा सहसा अर्थ असा असतो की किमान दोन औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसा काळ घेऊनही फरक पडलेला नाही. 'पुरेसा काळ' म्हणजे चार-सहा आठवडे तरी. पंधरा दिवसांत सोडलेली गोळी यात धरायची नाही. थायरॉइड, रक्तक्षय, ब १२ जीवनसत्त्व यांच्या तपासण्या झाल्या आहेत का हेही विचारा. आणि आयुष्यात कधी विनाकारण फार उत्साहाचे, झोपेची गरज न वाटता कामाचा धडाका लावल्याचे दिवस आले असतील, तर ते नक्की सांगा. बायपोलर आजार असेल तर आखणी बदलते, कारण टीएमएसने क्वचित उन्मादाची अवस्था सुरू होऊ शकते.

## ३. फाइल तयार करा

पहिल्या भेटीला जाताना हे सोबत ठेवा:

- आजवर घेतलेल्या प्रत्येक औषधाचं नाव, जास्तीत जास्त मात्रा, किती आठवडे घेतलं, का थांबवलं. चिठ्ठ्या हरवल्या असतील तर आठवून लिहा, अंदाजे महिना-वर्ष चालेल.
- सध्याची सगळी औषधं: रक्तदाबाची, ॲलर्जीची, आयुर्वेदिक, सगळी.
- जुने एमआरआय, सीटी स्कॅन, ईईजी असतील तर अहवाल आणि सीडी दोन्ही.
- आधीच्या शस्त्रक्रियांचे कागद, विशेषतः शरीरात काही बसवलेलं असेल तर त्याचं कार्ड.
- तुम्हाला जवळून पाहणाऱ्या एका माणसाचं म्हणणं. शक्य असेल तर तो माणूसच. नैराश्यात आपल्याला आपलं मागचं वर्ष धड आठवत नाही.
- खर्च विम्यातून किंवा सरकारी योजनेतून निघणार असेल तर पूर्वपरवानगीला काय लागतं, याची लेखी यादी.

यातला पहिला कागद सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगाचा. तो नीट असेल तर निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

## ४. सुरक्षेच्या चाळणीत काहीही लपवू नका

टीएमएसपूर्वी एक प्रश्नावली देतात. ती घाईत 'नाही, नाही, नाही' करत भरायची नसते. डोक्यात किंवा डोक्याजवळ लोखंडी वा चुंबकाला प्रतिसाद देणारं काही आहे का: रक्तवाहिनीची क्लिप, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, धातूचे कण? असेल तर बहुधा टीएमएस करता येत नाही. पेसमेकरसारखं उपकरण असेल तर वेगळा विचार करावा लागतो. दातांतलं साधं भरण सहसा आड येत नाही, पण तेही सांगावंच.

टीएमएसचा सर्वांत गंभीर धोका म्हणजे फिट येणे. तो दुर्मीळ आहे, हजारात एका रुग्णापेक्षाही कमी. पण काही गोष्टींनी वाढतो: पूर्वी आलेली फिट, डोक्याला झालेली मोठी इजा, आदल्या रात्रीचं जागरण, दारू पिणं किंवा नेहमीची दारू अचानक सोडणं, आणि ब्युप्रोपिऑन किंवा क्लोझापिनसारखी काही औषधं. दारूबद्दल खोटं सांगण्याचा मोह होतो, विशेषतः घरचं कुणी शेजारी बसलेलं असताना. त्यांना बाहेर थांबायला सांगा आणि खरं सांगा.

उलट बाजूही आहे. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्यांनी, म्हणजे क्लोनाझेपामच्या जातीतल्या औषधांनी, टीएमएसचा परिणाम कमी होत असावा असं काही अभ्यासांत दिसलं आहे. पण म्हणून ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाहीत, अचानक थांबवल्याने फिट येऊ शकते. फक्त विषय काढा. कोर्सच्या मध्ये कोणतंही औषध सुरू, बंद किंवा कमीजास्त झालं तर ते त्याच दिवशी तंत्रज्ञाला सांगायचं, कारण मेंदूची संवेदनशीलता बदलली असेल तर यंत्राची ताकद पुन्हा मोजावी लागते.

## ५. केंद्राला हे विचारा

यंत्र कोणत्या कंपनीचं, हे विचारण्यात लोक वेळ घालवतात. मला विचाराल तर तो प्रश्न शेवटचा. टीएमएस हे औषधासारखंच आहे: त्याला मात्रा असते, आणि मात्रेचे भाग म्हणजे जागा, ताकद, वेग, पल्सची (कॉइलमधून सुटणाऱ्या एकेका ठोक्याची) संख्या आणि सत्रांची संख्या. हे पाच आकडे जे केंद्र सरळ सांगत नाही, तिथे यंत्र कितीही महाग असलं तरी काय उपयोग?

*जागा.* नैराश्यात बहुधा कपाळाच्या डाव्या बाजूला वर, डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स नावाच्या भागावर उद्दीपन देतात. तो भाग कसा शोधता, हे विचारा. जुनी रीत म्हणजे हाताची हालचाल घडवणाऱ्या बिंदूपासून ५ सेंटिमीटर पुढे मोजणं. डोकी लहानमोठी असल्याने ते अनेकांच्या बाबतीत हव्या त्या जागेच्या मागेच पडतं. डोक्याची मापं घेऊन एफ ३ या बिंदूवर (ईईजी काढताना डोक्यावर इलेक्ट्रोड लावायच्या ठरलेल्या जागांपैकी एक) जाण्याची रीत त्याहून बरी. एमआरआयवरून दिशा दाखवणारी नॅव्हिगेशन यंत्रणा असेल तर उत्तम, पण ती नाही म्हणून केंद्र वाईट ठरत नाही.

*वेग आणि पल्स.* नेहमीच्या पद्धतीत सेकंदाला १० पल्स, चार सेकंद चालू, सव्वीस सेकंद विश्रांती, असे ३,००० पल्स साडेसदतीस मिनिटांत देतात. थीटा बर्स्ट या नव्या पद्धतीत ६०० पल्स तीन मिनिटांच्या आसपास संपतात. "तीन मिनिटांत काय होणार?" असं मलाही वाटलं होतं. पण २०१८ मध्ये कॅनडातल्या ४१४ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लहान सत्र मोठ्या सत्रापेक्षा कमी पडलं नाही. दोन्ही गटांत निम्म्याच्या आसपास लोकांची लक्षणं अर्ध्याने तरी कमी झाली, आणि साधारण तीस टक्के जवळजवळ लक्षणमुक्त झाले. हे आकडे डोक्यात ठेवा. कुणी "नव्वद टक्के हमखास" म्हणालं तर विचारा, कोणत्या अभ्यासात?

*सत्रं.* आठवड्याला पाच दिवस, चार ते सहा आठवडे, हा नेहमीचा कोर्स. स्टॅनफर्डमध्ये विकसित झालेल्या एका पद्धतीत दिवसाला दहा सत्रं, प्रत्येकी १,८०० पल्स, असं पाच दिवसांत सगळं उरकतात. जागा एफएमआरआयवरून (मेंदूचे कोणते भाग काम करताहेत ते दाखवणारा एमआरआय) प्रत्येकाची वेगळी ठरवतात. तिला २०२२ मध्ये एफडीएची मंजुरी मिळाली. तिचे निकाल लक्षवेधी आहेत, पण लुटुपुटूच्या (खऱ्यासारखा भासणाऱ्या, पण खरं उद्दीपन न देणाऱ्या) उपचाराशी तुलना करणाऱ्या ज्या अभ्यासाने तिचा बोलबाला झाला, त्यात तीसहून कमी माणसं होती. शिवाय एफएमआरआयशिवाय नुसतीच दिवसाला अनेक सत्रं देणं म्हणजे तीच पद्धत नव्हे. जाहिरातीत हा फरक गाळलेला असतो.

आणखी दोन प्रश्न: सत्र चालू असताना खोलीत कोण असतं आणि फिट आली तर काय करायचं हे त्यांना शिकवलेलं आहे का? सुधारणा कोणत्या प्रश्नावलीने आणि किती दिवसांनी मोजता?

## ६. पहिला दिवस

पहिल्या दिवशी उपचारापेक्षा मोजमाप जास्त असतं. कॉइल डोक्यावर हळूहळू सरकवत एकेक पल्स देतात आणि तुमच्या उजव्या हाताचा अंगठा कधी उडतो ते पाहतात. ज्या किमान ताकदीला दहापैकी पाच वेळा अंगठा हलतो तिला मोटर थ्रेशोल्ड म्हणतात. उपचाराची ताकद त्याच्या टक्केवारीत, बहुधा १२० टक्के, ठरते. आपण न हलवता आपला अंगठा उडताना पाहणं फार विचित्र वाटतं. मला हसू आलं होतं, आणि बऱ्याच दिवसांनी आलं होतं.

कानातले, नथ, केसांच्या पिना, चष्मा, श्रवणयंत्र, मोबाइल, चुंबकीय पट्टीची कार्डं, सगळं बाहेर. कानात बोळे घातल्याशिवाय बसू नका. कॉइलचा टकटक आवाज ऐकायला किरकोळ वाटतो, पण रोज रोज कानाला बाधक ठरू शकतो. बोळे द्यायला विसरले तर मागून घ्या.

## ७. रोजची सत्रं आणि मधला उतार

टाळूवर कुणी बोटाने टिचक्या मारत असल्यासारखं वाटतं. काहींना डोळ्याजवळचा किंवा जबड्याचा स्नायू उडतो. पहिल्या आठवड्यात डोकं दुखणं अगदी नेहमीचं, साध्या वेदनाशामकाने थांबतं आणि पुढे कमी होत जातं. फार टोचत असेल तर गुमान सहन करू नका. कॉइलचा कोन किंचित फिरवून किंवा पहिले काही दिवस ताकद कमी ठेवून बराच फरक पडतो. पण मान हलवून स्वतःच 'सोयीची' जागा शोधायची नाही, त्याने उपचार भलत्याच ठिकाणी पडतो.

सत्रानंतर सहसा लगेच कामाला जाता येतं. खरी अडचण रोज जाण्याची आहे. नैराश्यात आंघोळ जड जाते, तिथे महिनाभर रोज ठरलेल्या वेळी घराबाहेर पडायचं! शक्य असेल तर सकाळची वेळ घ्या आणि पहिले दोन आठवडे कुणाला तरी सोबत यायला सांगा. एखादं सत्र चुकलं तर बिघडत नाही, पण आठवडाभराचा खंड पडू देऊ नका.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अनेकांना वाटतं की काहीच होत नाही, आणि कोर्स तिथेच सोडून दिला जातो. काहींना तर काही दिवस जास्त चिडचिडं, अस्वस्थ वाटतं. डॉक्टरांना सांगा, पण निर्णय त्या आठवड्यातल्या मनःस्थितीवर घेऊ नका. मात्र जीव द्यावासा वाटू लागलं तर पुढच्या सत्राची वाट न पाहता त्याच क्षणी कळवा.

## ८. मोजा, आणि लिहून ठेवा

'बरं वाटतंय' हे मोजमाप नव्हे. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे, गुण ० ते २७. कोर्स सुरू होण्याआधी एकदा आणि मग दर आठवड्याला त्याच वारी भरा. गुण अर्ध्यावर आले तर त्याला प्रतिसाद म्हणतात, पाचच्या खाली गेले तर लक्षणमुक्ती. ओसीडीसाठी वाय-बॉक्स ही वेगळी मोजपट्टी आहे.

गुणांशेजारी एक ओळ साध्या गोष्टींची लिहा: किती वाजता उठले, कुणाशी आपणहून बोलले, काय वाचलं. बहुतेकांचा मूड आधी सुधारत नाही. झोप, भूक, हालचाल यांत आधी फरक दिसतो आणि तो आपल्यापेक्षा घरच्यांना लवकर कळतो. वीसेक सत्रांनंतर आकडा जागचा हललेला नसेल तर डॉक्टरांना थेट विचारा: जागा बदलायची, उजवीकडे संथ वेगाने द्यायचं, की थांबायचं? "आणखी दहा घेऊन बघू" एवढंच उत्तर मिळालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

## ९. ईसीटी सुचवली असेल तर

भ्रमांसह आलेलं नैराश्य, खाणंपिणं बंद होणं, कॅटाटोनिया (बोलणं-हालचाल जवळजवळ थांबून माणूस थिजल्यासारखा होणं), आत्महत्येचा निकडीचा धोका: इथे ईसीटी टीएमएसपेक्षा जलद आणि प्रभावी आहे. भीतीपोटी आधी टीएमएसचे सहा आठवडे घालवणं महागात पडू शकतं.

आठवड्यातून दोन-तीनदा, एकूण साधारण ६ ते १२ वेळा देतात. उपाशीपोटी जायचं, किती तास ते भूलतज्ज्ञ सांगतात. फिट मिनिटभराच्या आत संपते आणि शरीर फारसं हलत नाही. इतकं कमी, की काही ठिकाणी एका घोट्यावर पट्टा आवळून स्नायू सैल करणारं औषध त्या पावलापर्यंत पोचू देत नाहीत, म्हणजे फिट आली हे पावलावरून तरी दिसावं. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत माणूस हवाच.

खरा प्रश्न स्मरणशक्तीचा आहे, आणि तो कुणी हसण्यावारी नेला तर मला राग येतो. नवीन लक्षात ठेवण्याची क्षमता बहुतेकांची काही आठवड्यांत परत येते, पण उपचाराच्या आसपासच्या काळातल्या काही आठवणी कायमच्या जाऊ शकतात. फक्त उजव्या बाजूला आणि अतिलघु पल्स वापरून हा त्रास कमी करता येतो, म्हणून इलेक्ट्रोड कुठे लावणार हे विचारा. कोर्सआधी पासवर्ड, बँकेचे तपशील, देणीघेणी लिहून विश्वासू माणसाकडे ठेवा.

## १०. घरगुती यंत्रं आणि संशोधनातला सहभाग

टीडीसीएसचं यंत्र साधं असल्याने लोक ते विकत घेतात, काही जण घरी बनवतातही. बनवू नका. कोरड्या स्पंजखाली कातडी भाजते, आणि इलेक्ट्रोड कुठे लावायचे याचा अंदाज चुकतो तो वेगळाच. पुरावाही उलटसुलट आहे: २०१७ च्या ब्राझीलमधल्या अभ्यासात टीडीसीएस लुटुपुटूच्या उपचारापेक्षा सरस ठरलं, पण एस्सिटॅलोप्रॅम या गोळीच्या तोडीचं आहे असं सिद्ध झालं नाही, २०२३ मध्ये जर्मनीतल्या अनेक केंद्रांच्या अभ्यासात गोळ्यांच्या जोडीला दिलेल्या टीडीसीएसने जादा फायदा दिसला नाही.

संशोधनात भाग घ्यायला सांगितलं असेल तर संमतीपत्र घरी आणून वाचा. लुटुपुटूच्या गटात जाण्याची शक्यता किती? तसं झालं तर नंतर खरा उपचार मिळणार का? चालू औषधं थांबवावी लागतील का? मध्येच बाहेर पडता येतंच, कारण द्यावं लागत नाही, आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार अडता कामा नयेत.

डीबीएसच्या बाबतीत आणखी एक प्रश्न फार मोठा: अभ्यास संपल्यावर बॅटरी कोण बदलणार? न्यूरॉलॉजिस्ट हेलन मेबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये टोरांटोतल्या, नैराश्यासाठी डीबीएस केलेल्या सहा रुग्णांवरचे निकाल मांडले, त्यांपैकी चौघांत सहा महिन्यांनी ठळक सुधारणा होती. पुढे मेंदूतल्या याच जागेवरचा मोठा तुलनात्मक अभ्यास फरक दिसेना म्हणून मध्येच थांबवला गेला, आणि तरीही त्यातल्या बऱ्याच रुग्णांत नंतरच्या वर्षांत सुधारणा होत गेली. अशा माणसाच्या छातीतलं यंत्र बंद पडलं तर जबाबदारी कुणाची, हे सहीआधी लेखी हवं.

## ११. कोर्स संपल्यावर

औषधं आणि समुपदेशन लगेच बंद करू नका. ईसीटीबाबत २००१ च्या एका अभ्यासाने हे स्वच्छ दाखवलं: बरं झाल्यावर नुसती खोटी गोळी दिलेल्यांपैकी ८४ टक्के लोकांचा आजार सहा महिन्यांत उलटला, लिथियम आणि नॉरट्रिप्टिलिन ही दोन्ही औषधं दिलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. टीएमएसनंतरही आजार परतू शकतो. मात्र पहिल्यांदा उपयोग झालेल्यांना दुसऱ्या कोर्सचाही उपयोग होण्याची शक्यता चांगली असते. पीएचक्यू-९ महिन्यातून एकदा भरत राहा आणि गुण किती झाले की फोन करायचा, तो आकडा डॉक्टरांकडून आत्ताच घ्या.

शेवटच्या सत्राआधी, नंतर नव्हे, एक पानभर लेखी सारांश मागून घ्या. त्यात कॉइलचा प्रकार, जागा आणि ती शोधायची रीत, मोटर थ्रेशोल्ड, दिलेली ताकद, पल्स, एकूण सत्रं, त्या काळातली औषधं आणि सुरुवातीचे व शेवटचे गुण हवेत. पुढच्या वेळी तुम्ही दुसऱ्या गावात, दुसऱ्या यंत्रासमोर बसलेले असू शकता. थ्रेशोल्ड तिथे नव्याने मोजतीलच, बाकीचं त्यांना या पानावरून कळेल.